आगोट कशी भरावी: कोकणातल्या पहिल्या पावसाळ्याआधीची कामं

कोकणात नव्याने राहायला आलेल्या माणसाला एप्रिल-मेमध्ये एका गोष्टीचं नवल वाटतं. भर दुपारी शेजारपाजारच्या बायका खळ्यात काही ना काही वाळत घालत असतात, कुणीतरी कौलांवर चढलेलं असतं, आणि पावसाचा अजून पत्ता नसताना लाकडं पडवीत रचूनसुद्धा झालेली असतात. पावसाळ्याचे चार महिने पुरेल एवढं घरात भरून ठेवायचं, त्याला इकडे आगोट भरणं म्हणतात, आणि ही सगळी धावपळ त्यासाठीच असते.

दुकानात आता सगळं बारा महिने मिळतं, मग हा खटाटोप कशाला, असं तुम्ही विचाराल. रत्नागिरीत वर्षाला ३००० मिलिमीटरच्या वर पाऊस होतो आणि त्यातला बहुतेक जून ते सप्टेंबरमध्ये पडतो. पाण्याची सवय लवकर होते. त्रास होतो तो ऊन न मिळण्याचा. मृग नक्षत्र ७-८ जूनच्या सुमारास लागतं, आणि त्यानंतर दसऱ्यापर्यंत सलग दोन दिवस कडक ऊन मिळेलच असं सांगता येत नाही. तेव्हा कामांचा क्रम लावताना एवढंच बघा: ज्याला ऊन लागतं ते काम आधी, ज्याला नुसते पैसे लागतात ते नंतर. इन्व्हर्टर काय, जूनमध्येही घेता येईल. आमसुलं जूनमध्ये करता येत नाहीत.

छपरापासून सुरुवात

कौलारू घर असेल तर शाकारणी एप्रिलमध्येच उरकून घ्या. मेच्या शेवटच्या आठवड्यात शाकारणी करणारा माणूस मिळणं कठीण, कारण तोपर्यंत अख्ख्या वाडीला जाग आलेली असते. मंगलोरी कौलं एकदा चाळून घ्यायची, म्हणजे उतरवून, साफ करून, फुटकी बाजूला काढून पुन्हा बसवायची. त्याच वेळी खालचे वासे आणि रिपा हाताने ठोकून बघा. पोकळ आवाज आला तर आत वाळवी आहे असं समजा आणि तेवढी रीप बदलून टाका. आढ्यावरच्या कौलांचे सांधे नीट बघायला सांगा, गळती बहुतेक वेळा तिथूनच सुरू होते.

दोनेक डझन कौलं जास्तीची घेऊन ठेवा. वानरांची टोळी एकदा घरावरून गेली की पाच-सहा कौलं सहज फुटतात, आणि भर पावसात कौल आणायला जाण्यासारखी दुसरी यातायात नाही. विकत घेताना आपलं एक जुनं कौल सोबत न्या. प्रत्येक कारखान्याच्या कौलाची खाच वेगळी असते. दिसायला सारखं असलेलं कौल बसत नाही, आणि बसलं तरी पाणी आत घेतं.

पन्हळीतला पालापाचोळा काढा. घरावर आलेल्या फांद्या आणि वाळलेल्या झावळ्या उतरवून घ्या. नारळ काढणाऱ्या माणसाला मेमध्ये बोलावलंत तर नारळही उतरतील आणि माडही साफ होईल. ३ जून २०२० च्या निसर्ग चक्रीवादळात श्रीवर्धन, दिवेआगर, दापोलीकडे घरांवर कोसळलेली झाडं ज्यांनी पाहिली आहेत, त्यांना हे वेगळं सांगावं लागत नाही.

स्लॅबचं घर असेल तर गच्चीवरचं पाणी जायची भोकं मोकळी आहेत ना एवढं आधी बघा. इथे बरेच जण स्लॅबवरही पत्रे घालतात. खर्च असला तरी मला तो योग्य वाटतो. गळती थांबते, आणि कपडे वाळत घालायला हक्काची कोरडी जागा मिळते.

पडवीची आणि ओटीची पश्चिमेकडची बाजू झापांनी बंद करायची पद्धत आहे. माडाच्या झावळ्या विणून झापं करतात आणि बांबूला बांधतात. हल्ली निळी ताडपत्री दिसते सगळीकडे. ताडपत्री वाऱ्याने फडफडून फाटते आणि आत कोंदट करते. झापं पाणी अडवतात आणि वारा गाळून आत सोडतात. विणून देणारं कुणी गावात असेल तर झापंच घ्या.

घराच्या आतली ओल

जांभ्याच्या चिऱ्यांची भिंत पाणी पिते. आतून हात लावला की गारवा लागतो आणि जुलैपर्यंत रंगाचे पोपडे सुटायला लागतात. भिंत कोरडी ठेवणं आपल्या हातात फारसं नाही, पण सामान भिंतीपासून लांब ठेवणं आहे. कपाटं वीतभर पुढे ओढा. लाकडी कपाटाच्या पायांखाली फरशीचे तुकडे सरकवा. चामड्याच्या वस्तू, रेशमी साड्या, पुस्तकं, गाद्या मेमध्ये दोन दिवस उन्हात घाला आणि पूर्ण गार झाल्यावरच आत ठेवा. गरम गादी कपाटात गेली की आत घाम धरते.

कपाटात ओल शोषायला कळीचा चुना मातीच्या वाडग्यात ठेवतात. तो मुलांच्या हाताला लागणार नाही आणि त्यावर पाणी पडणार नाही अशी जागा बघा, पाण्याने तो एकदम तापतो. विरून त्याची पूड झाली की बदला.

समुद्राजवळ राहत असाल तर लोखंडाचा भरवसा सोडून द्या. कड्या, बिजागऱ्या, खिडक्यांचे गज यांना मेमध्येच ग्रीस किंवा मशीनचं तेल द्या. कपडे वाळत घालायला तारेऐवजी नायलॉनची दोरी बांधा, नाहीतर पांढऱ्या कपड्यांवर गंजाचे डाग पडलेच म्हणून समजा.

रातांबे आणि आमसुलं

हे काम मला सगळ्यांत प्रिय आहे आणि नव्या माणसाने पहिल्याच वर्षी करून बघावं असंही हेच आहे. सिंधुदुर्ग-रत्नागिरीच्या कोकमाला भौगोलिक मानांकन मिळालेलं आहे, त्यामुळे बाजारात चांगली आमसुलं मिळतात. तरीही शेजाऱ्याच्या झाडाचे रातांबे, म्हणजे कोकमाची फळं, फोडून केलेल्या आमसुलाची गोष्ट निराळी.

एप्रिलच्या शेवटापासून रातांबे पिकायला लागतात. गडद लाल झालेले, देठाशी घट्ट असलेले घ्या. झाडाखाली पडून फुटलेले नकोत. धुऊन, पुसून, पाण्याचा टिपूस राहणार नाही असे कोरडे करा. मग फोडायला बसायचं. हे एकट्याने करायचं काम नव्हे. चार घरं मिळून बसली की पाटीभर रातांबे गप्पांत संपतात, आणि नव्या माणसाची सगळ्या वाडीशी ओळख अशाच एका दुपारी होते. कपडे मात्र जुने घाला. रस उडतो आणि डाग निघत नाही.

फळाचे दोन भाग करा. आतल्या बिया गरासकट एका काचेच्या, चिनीमातीच्या किंवा स्टीलच्या भांड्यात काढा. ॲल्युमिनियम किंवा बिनकल्हईचं पितळ नको, आंबट रस धातू खातो. गरात मीठ घाला, किलोला साधारण १०० ग्रॅम, आणि हलवून झाकून ठेवा. थोड्या वेळात त्याला रस सुटतो. साली सुपात किंवा प्लॅस्टिकच्या कागदावर पसरून दिवसभर उन्हात ठेवा. संध्याकाळी त्या साली या खारट रसात बुडवून रात्रभर राहू द्या, सकाळी निथळून पुन्हा उन्हात. याला पुट देणं म्हणतात. चार-पाच पुटं झाली की साली काळसर होत जातात आणि रस जवळजवळ संपतो. शेवटी पुट न देता एक-दोन दिवस नुसतं ऊन द्यायचं.

आमसूल तयार झालं की नाही ते बोटांनी कळतं. दाबलं तर हाताला रस लागत नाही, वाकवलं तर वाकतं. कडक होऊन मोडलं तर ते जास्त वाळलं. बरणीत भरल्यावर काही दिवसांनी वर पांढरं दिसायला लागलं तर घाबरू नका. ते चकाकत असेल आणि पाण्यात विरघळत असेल तर मीठ आहे. केसाळ, हिरवट दिसलं आणि वास बदलला तर बुरशी आहे, ते फेकायचं.

बियाही टाकायच्या नाहीत. धुऊन वाळवून ठेवल्या की त्यांतून कोकमतेल निघतं. ते थिजलेलं असतं, त्याचे गोळे वळतात आणि मुठेल म्हणून विकतात. पावसात चिखलाने फुटलेल्या टाचांना याच्याइतकं गुणकारी दुसरं काही मला माहीत नाही. थोड्या साली साखरेच्या थरात बरणीत घालून उन्हात ठेवल्या की अमृत कोकम होतं, साखर न घालता नुसतं मीठ घालून रस काढला की आगळ. सोलकढीला आगळ हवं, साखरेचं सरबत नव्हे. नवी माणसं दुकानात इथेच गोंधळतात.

सुकी मासळी

१ जून ते ३१ जुलै यांत्रिक नौकांना मासेमारी बंद असते. हा माशांच्या विणीचा काळ. खाडीतलं, किनाऱ्यावरून पाग टाकून मिळालेलं थोडंफार बाजारात येतं, पण त्यावर घर चालत नाही. म्हणून मेमध्ये सुकी मासळी भरायची.

किती प्रकार घ्यावेत हा आवडीचा भाग. निदान बोंबील, सोडे, जवळा आणि खारे बांगडे एवढे घ्या. बोंबील घेताना मोडून बघा. काटकन मोडला पाहिजे, वाकला तर आत ओल आहे. सोडे केशरी-गुलाबी, दडदडीत वाजणारे असावेत. जवळ्यात रेती असतेच, मूठभर हातात घेऊन तळहातावर किती उरते ते पाहा. नाकात झोंबणारा, अमोनियासारखा वास आला तर कितीही स्वस्त असो, पुढे चला. विकणारीशी बोला. "मावशी, आगोटीला हवीत, चार महिने टिकायला हवीत," असं सांगितलंत तर त्या बहुतेक वेळा खालच्या टोपलीतली कडक सुकलेली काढून देतात.

घरी आणल्यावर बोंबलाची डोकी, शेपट्या आणि पर कापून टाका, जवळा चाळून पाखडा. मग सगळं पुन्हा एक दिवस कडक उन्हात घाला, मांजरांची राखण ठेवून. संध्याकाळी गार होऊ द्या आणि घट्ट झाकणाच्या डब्यात, तळाला आणि वर कागद घालून भरा. सगळी मासळी एकाच डब्यात नको. रोज तो डबा उघडला जातो आणि दमट हवा आत जाते. मोठा डबा बंदच ठेवायचा, त्यातून आठवड्यापुरतं छोट्या बरणीत काढायचं. पावसाने उघडीप दिली आणि ऊन पडलं की डबे बाहेर काढून पुन्हा एकदा ऊन द्या. फ्रीजमध्ये ठेवलं तरी चालतं, फक्त वीज किती वेळा जाते ते लक्षात घेऊन.

मसाला, धान्य, मीठ

मिरची, धणे आणि गरम मसाल्याचे जिन्नस कडकडीत वाळवून, भाजून गिरणीत दळून आणा. मेमध्ये गिरणीवर रांग असते, तरी घाई करू नका, कारण आधीच्या माणसाचं पीठ जात्यात असताना मसाला टाकला तर चव बिघडते. बरणीत भरताना मध्ये हिंगाचे खडे टाका. तांदळात कडुलिंबाचा वाळलेला पाला घाला, डाळींना एरंडेल चोळा. कुळीथ भाजून दळून त्याचं पीठ करून ठेवा, ते पुढे लागणार आहे.

मीठ धातूच्या डब्यात ठेवू नका. खडेमीठ बरणीत भरून ठेवा, ते पाझरलं तरी खाली बसतं. बारीक मिठात भाजलेल्या तांदळाचे दाणे घाला. वेंगुर्ल्याजवळच्या शिरोड्याची मिठागरं १९३० च्या मिठाच्या सत्याग्रहामुळे प्रसिद्ध आहेत. मिठागरांचं कामही उन्हावरच चालतं, पाऊस आला की थांबतं.

पोह्याचे, फणसाचे पापड, आंबापोळी, फणसपोळी, सांडगी मिरची हे सगळं पहिल्या वर्षी एकदम करायला जाऊ नका. एक निवडा आणि जिला येतं तिच्यासोबत बसा. आमच्या शेजारच्या आजी अशा नव्या सुनांना सांगतात, "मिरग लागलो की कायच सुकाचा नाय गे, आत्ताच काय ता कर."

वीज, पाणी, कागद

झाड पडलं, तार तुटली की वीज दिवसभरही जाते. टॉर्च, मेणबत्त्या, पॉवर बँक एका ठरलेल्या जागी ठेवा, अंधारात हात घातला की सापडतील अशा. विजा कडाडतात त्या पावसाच्या सुरुवातीला आणि परतीच्या पावसात जास्त. तेव्हा टीव्ही, फ्रीज, वायफायचा राउटर यांचे प्लग काढा, नुसतं बटण बंद करून भागत नाही. पुण्याच्या आयआयटीएम या संस्थेने केलेलं दामिनी ॲप फोनवर घ्या, जवळपास वीज पडण्याची शक्यता असली की ते सूचना देतं. घराचं अर्थिंग वायरमनकडून तपासून घेणं हे मेमधलंच काम.

विहिरीचं पाणी पीत असाल तर पहिल्या पावसानंतर ते गढूळ होतं. ग्रामपंचायतीत टीसीएल, म्हणजे पाणी शुद्ध करायची ब्लीचिंग पावडर, मागा आणि किती टाकायची ते तिथेच विचारा. प्यायचं पाणी उकळा.

नदीकाठी घर असेल तर सातबारा, आधार, बँकेची कागदपत्रं प्लॅस्टिकमध्ये बांधून माळ्यावर ठेवा. २२ जुलै २०२१ ला चिपळुणात वाशिष्ठीचं पाणी रातोरात चढलं तेव्हा खालच्या मजल्यावरचं वाचवायला कुणाला वेळ मिळाला नव्हता.

साप आणि विंचू

घाबरवायचं नाही, पण हे वाचल्याशिवाय पुढे जाऊ नका. नाग, मण्यार, घोणस आणि फुरसं हे चारही विषारी साप इथे आहेत. फुरसं छोटं, हातभर लांबीचं, जांभ्याच्या फटीत आणि दगडांखाली बसलेलं असतं आणि सहज दिसत नाही. मण्यार रात्री फिरते आणि जमिनीवर झोपलेल्यांना चावते. म्हणून खाटेवर झोपा, आणि मच्छरदाणी गादीखाली नीट खोचा. लाकडं आणि चिरे घराच्या भिंतीला लागून रचू नका. बूट झटकून घाला. रात्री अंगणात उतरताना टॉर्च हवाच, उजेड नसेल तर पाय बाहेर टाकायचा नाही.

चावलंच तर जखम कापू नका, घट्ट दोरी बांधू नका, मांत्रिकाकडे वेळ घालवू नका. चावलेला भाग हलू न देता माणसाला आडवं करा, १०८ ला फोन करा आणि रुग्णालय गाठा. प्रतिविष या चारही सापांवर चालतं. आपल्या जवळच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात ते आहे का, हे मेमध्ये स्वतः जाऊन विचारून ठेवा. लाल विंचवाच्या दंशावरही उपचार आहेत. महाडच्या डॉ. हिंमतराव बावस्करांनी प्राझोसिन हे औषध त्यासाठी वापरून दाखवलं आणि असंख्य जीव वाचले. पायाला जखम असताना शेतातल्या पाण्यात उतरलात आणि मग ताप आला, तर लेप्टोची, म्हणजे लेप्टोस्पायरोसिस या रोगाची शंका डॉक्टरांना आपणहून बोलून दाखवा.

पाऊस लागल्यावर

जूनच्या दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात दारं फुगतात आणि लागेनाशी होतात. नवा माणूस लगेच सुताराला बोलावून रंधा मारून घेतो, आणि डिसेंबरमध्ये त्याच दारात बोटभर फट पडते. धीर धरा. कडेला मेण किंवा साबण घासून काम भागवा, दार खरंच तिरकं असेल तर दिवाळीनंतर बघा.

पंख फुटलेल्या वाळव्या पहिल्या पावसानंतर संध्याकाळी दिव्यावर येतात. तासभर घरातले दिवे मालवा आणि बाहेरचा एखादा लावून ठेवा, सगळ्या तिकडे जातात.

आणि आता जेवण, ज्यासाठी एवढी आगोट भरली. कुळथाची पिठी, भात आणि भाजलेला बोंबील. चार माणसांना चार-पाच चमचे पीठ वाटीभर गार पाण्यात गुठळी न होता कालवा. तेलात ठेचलेला लसूण, सुकी मिरची, कांदा परता, तीन-चार वाट्या पाणी घालून उकळी आली की कालवलेलं पीठ हळूहळू ओता आणि ढवळत राहा. मीठ, दोन आमसुलं, वर थोडं ओलं खोबरं. मंद आचेवर दहा मिनिटं शिजवायचं, कच्चा वास गेला पाहिजे. बोंबील निखाऱ्यावर भाजून, पुसून, कांदा-मिरचीबरोबर चुरून ठेवा.

शेजारी टाकळा, कुर्डू, भारंगी, शेवळं घेऊन येतील. घ्या, आणि कशी करायची ते त्यांच्याच स्वयंपाकघरात उभं राहून शिका. शेवळं काकडं या आंबट फळांशिवाय शिजवू नका, घशाला खाज सुटते. रात्री कुणी कुर्ल्या धरायला किंवा चढणीचे मासे पकडायला बोलावलं तर जरूर जा, पण गमबूट घालून आणि माहितगाराच्या मागे. अळंबी मात्र स्वतः ओळखून तोडायची नाहीत, वाडीतली जाणती बाई दाखवेल तीच घ्यायची, आणि तिनेही मान हलवली तर तिथेच सोडायची.